गेल्या वर्षीचं पाणी

डावा डोळा सूक्ष्मदर्शकात आणि उजवा कागदावर ठेवून गुरुलिंग चित्र काढत होता. काचेवर बारवेच्या पाण्याचा एक थेंब होता. त्यात एकाच डोळ्याचा, शेपटीपाशी अंड्यांच्या दोन पिशव्या बाळगणारा जीव उड्या मारत होता.

"ह्याच्या पोटात नारूची अळी असते," चाकूरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. "तीनशे वर्षांपूर्वी हॉलंडात एक कापडवाला स्वतः भिंगं घासून पाण्यातले असले जीव बघायचा. चित्र काढता येईना, म्हणून त्यानं चितारी ठेवला. तसा तू माझा."

गुरुलिंग एरवी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. लातूर जिल्हा वेगळा होऊन वर्षही झालं नव्हतं. पाऊस जुन्या जिल्ह्यात नव्हता, नव्यातही नव्हता. लोक बारवेच्या तळाशी उतरून पाणी भरत होते.

त्या जीवाच्या चित्राचा पहिला तक्ता घेऊन तो धाकट्या बहिणीच्या गावी गेला. नीलम्मा बारवेच्या पायरीवर घागर घेऊन उभी होती.

"अण्णा, पाणी तर काचेवानी दिसायलंय की."

"दिसतंय. पन ह्यो किडा हाय त्यात. दुहेरी फडक्यातून गाळल्याबिगर पिऊ नको."

त्या दिवसापासून नीलम्मानं गाळलं. रानात न्यायच्या तांब्यातलंसुद्धा. शेजारणी हसायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्याच घोट्यावर फोड आला. तो फुटला आणि दोऱ्यासारखा पांढरा नारू बाहेर डोकावला.

"मी तर गाळूनच पिलते, अण्णा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

गुरुलिंगनं मान खाली घातली. "त्याच्या आदी पिलीस ना, त्यातला हाय. वरीस लागतंय त्याला भाईर याला."

"म्हंजी तू तक्ता घिऊन आलास तवाच माज्यात होता?"

"हाव."

महिनाभर तो रोज सायकलवर येऊन तिचा पाय धूत राहिला. काडीला गुंडाळून नारू दिवसाला बोटभर ओढायचा. एका दुपारी घागर उचलताना काडी अडकली आणि नारू आतच तुटला. गुरुलिंग पोचेपर्यंत कुणीतरी जखमेवर शेण थापलं होतं. दहाव्या दिवशी धनुर्वातानं नीलम्माचा जबडा आवळला. लातूरच्या वाटेवर, जीपमध्येच ती गेली.

दुखवट्याचे दिवस सरल्यावर तिचा नवरा शिवप्पा म्हणाला, "तिचा येक फोटू न्हाई. तुमी त्या किड्याचा केस न् केस काडलात, अण्णा. हिचं तेवढं तोंड काडून द्या."

गुरुलिंग कागद घेऊन बसला. भुवई काढली की ती आईची व्हायची; हसू काढलं की कुणा भलत्याच बाईचं. लहानपणापासूनच्या त्या चेहऱ्याकडं निरखून पाहायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

तीन दिवसांनी त्यानं कागद नेऊन दिला. कागदावर पाय होता. टाचेच्या भेगा, करंगळीचं वाकडं नख, जोडव्याचा वळ.

शिवप्पानं कागद दाराच्या उजेडात धरला. "तिचाच हाय," तो म्हणाला. मग थांबून, "जखम कुटंय?"

"न्हाई काडली."

शिवप्पा उंबऱ्यावर बसला. कागद मांडीवर घेऊन त्यानं त्या घोट्यावर तळहात ठेवला, आणि बराच वेळ तो उचलला नाही.