सुनेच्या हातचे दात

मिक्सरच्या भांड्यातला भात तिने बोटाने निपटून वाटीत घेतला. भात, बटाटा आणि दूध यांचा मिळून भिंतीला फासायच्या चुन्यासारखा लगदा झाला होता. ओट्याजवळच्या छोट्या टेबलाशी बसून तिने तोंडाचा उजवा कोपरा तेवढा उघडला आणि चमचा आत सरकवला. डावा गाल हलता कामा नये.

अर्धा घास ओठांतून परत आला आणि हनुवटीवर ओघळला. तिने तो चमच्यानेच वर ढकलला. पुसायची सोय नव्हती. गालाला कापड नुसतं लागलं, तरी जबड्यापासून डोळ्यापर्यंत विजेचा झटका बसे. चेहऱ्याची नस बिघडली आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. डाव्या दातांना तिने कित्येक आठवड्यांत ब्रश लावला नव्हता. तोंडाचा वास तिचा तिलाच येई, फुलदाणीत कुजलेल्या पाण्यासारखा.

बाहेर नणंद आणि नणंदेचा नवरा जेवायला बसले होते. संध्याकाळी ग्लास पुसता पुसता तिचा स्वतःचा नवरा म्हणाला होता,

"आजच्या दिवस आत जेवशील का? तुलाच अवघडायला नको."

"मला की तुला?"

तो पुसलेलाच ग्लास पुन्हा पुसत राहिला. मागच्या वेळीही 'आजच्या दिवस'च होता. हळूहळू मोठ्या टेबलावरची तिची खुर्ची वर्तमानपत्रांची रद्दी ठेवायच्या कामी आली होती.

"नाटकं आहेत," बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. "गाल दुखतो म्हणून ताटावरून कुणी उठतं का?"

"तुमचे नवे दात काय म्हणतात, आई?" जावयाने विचारलं.

"सुनेच्या हातचे दात! टोचतात मेले. सांगून सांगून जीभ झिजली. म्हणते, सवय होईल."

सगळे हसले.

कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ती कामाला होती. सासूबाईंची कवळी तिनेच केली होती. तक्रार आली की ती शांतपणे म्हणे, "सवय होईल, आई." लॅबमध्ये मात्र वेगळं सांगे. "आमच्या म्हातारीला दात नकोत, लक्ष हवंय." तिथेही सगळे हसत.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सासूबाई ताट घेऊन आत आल्या आणि त्यांनी पायाने दार लोटलं. ताटाच्या कडेला अर्धवट चावून काढलेले घास होते. समोर बसून त्यांनी तोंडात दोन बोटं घातली आणि खालची कवळी काढली. लाळेची तार ताणली गेली आणि तुटली. कवळी त्यांनी वाटीला लागूनच ठेवली. गुलाबी हिरडीला भाजीचा चोथा चिकटला होता.

तिने वाटी स्वतःकडे ओढून घेतली.

"बघवत नाही ना?" सासूबाई म्हणाल्या. दातांविना शब्द ओले येत होते. "मलाही तुझं बघवत नाही. जावयासमोर काढता येईना. ती वाटी इकडे कर."

तिच्याच चमच्याने त्यांनी तो लगदा तोंडात घातला. तो त्यांच्याही हनुवटीवर ओघळला. तिला नजर वळवायची होती, पण तेवढ्यात दुसऱ्या घासासाठी त्यांचं तोंड उघडलं आणि दिव्याचा उजेड आत पडला. खालच्या हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा चट्टा होता. भोवतीची कड लालभडक, सुजलेली. एका दिवसातली जखम नव्हती ती. लॅबमध्ये तिने रोज हिरड्या पाहिल्या होत्या, पण प्लास्टरच्या. त्यांना काही होत नसे.

तिने कवळी उचलली. अजून कोमट होती. स्वतःच्या गालाला लावता येत नसलेल्या फडक्याने तिने ती पुसली, पण चिकटपणा गेला नाही. तशाच त्या बुळबुळीत कडेवरून तिने आतून अंगठा फिरवत नेला. एका ठिकाणी तो अडला. बारीक, टोकदार कणी होती. तिच्या गालाचं दुखणं सुरू झालं त्याच आठवड्यातलं काम. घासायच्या मशीनची थरथर हातातून गालापर्यंत चढत होती, म्हणून तिने ते लवकर आटोपलं होतं.

"आई, येतेस ना गं?" बाहेरून नवऱ्याने हाक मारली.



"इथं?" कणीवरचा अंगठा तसाच ठेवून तिने विचारलं.

सासूबाईंनी घास गिळला.

"कधीपासून सांगतेय," त्या म्हणाल्या.