जागेवरचा सौदा

"जागेवर देऊन टाक, सोनल," कुंडलिकराव पुन्हा म्हणाले.

कळस गावातल्या त्यांच्या ओसरीवर बसलेल्या पुण्याच्या दिग्विजयला वाटलं, काका डाळिंबाचं बोलतायत. काका बोलत होते लेकीच्या व्हिडिओ गेमचं. बारामतीतली नोकरी सांभाळून सोनलनं तो बनवला होता, आणि दिग्विजयची कंपनी तो नावासकट विकत मागत होती.

कुंडलिकरावांनी जन्मात डाळिंबाचा एकही बहार स्वतः बाजारात नेला नव्हता. फळ लिंबाएवढं झालं की यांना धास्ती. गारा पडल्या तर? तेल्या रोग आला तर? व्यापारी दारात आला की झाडावरचा माल जागेवर विकून मोकळे. पुढं त्यानं काय कमावलं, हे विचारायचं नाही. विचारलं तर झोप जायची. भीतीची दलाली मात्र दरसाल चोख भरली.

"आबा, ऐका तरी. मोबाईलवर टाकला तर गिऱ्हाईक लय, पण समद्यांना फुकट पायजे. टीव्हीला जोडायचा कन्सोल असतो, त्येचं लोक पैसं देत्यात. पण आधी कन्सोलवाल्या कंपनीच्या तपासण्या."

"म्हंजी एक्स्पोर्ट. एक डाग दिसला की गाडी माघारी. आन मोबाईल म्हंजी आठवडी बाजार. चव बघून पुढं जाणार. कंप्युटर?"

"मार्केट यार्ड. गिऱ्हाईक कमी, पण पारखून घेणारं. आन माल आपल्या नावावर."

"आन कुणी इचारलंच न्हाय तर?"

सोनलनं मांडीवरच्या लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं. तीच भीती तिलाही होती.

"पोरीला स्थळं बघताना एवढं भ्याला न्हाई," सोनलची आई चंद्राबाई आतून म्हणाल्या.

दिग्विजयनं पिशवीतून नारळ काढला. "रिकाम्या हातानं कसं यायचं, काका!"

कुंडलिकरावांचे हात सवयीनं पुढं झाले. नारळ हातात आला. व्यापाऱ्याचा नारळ मालकाच्या हातात पडला की सौदा झाला. मग कुणी दुप्पट भाव दिला तरी शब्द फिरत नाही. पुण्याच्या माणसाला यातलं काही ठाऊक नव्हतं. सोनलला होतं.

"जाऊ द्या आबा," ती हळूच म्हणाली. "नारळ घेतला, म्हंजी शब्द गेला. सही कुठं करू?"

कुंडलिकरावांना हायसं वाटलं. मग त्यांनी लेकीकडं पाहिलं. सुटल्याचा चेहरा. तो त्यांचा स्वतःचा होता, दरसालचा.

"सायेब, नारळ माघारी घ्या."

"अहो असू द्या, साधा नारळ आहे."

"आमच्यात साधा नसतो."

दिग्विजय गोंधळला, मग नारळ घेऊन उठला. "काका, नंतर आलात तर हा भाव मिळणार नाही."

"व्हय. न्हाईच मिळत."

गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत कुंडलिकराव रस्त्याकडं बघत राहिले. मग ते खांबाला टेकले.

"कंप्युटरवर टाकू, आबा? समदी तयारी हाय."

"टाक."

तिनं लॅपटॉप उघडून बटण दाबलं.

"सरक जरा." ते तिच्या शेजारी बसले. "कितीजणांनी घेतलं, ते कुठं दिसतं?"

तिनं बोट ठेवलं. तिथं शून्य होतं.

कुंडलिकरावांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि ते शून्याकडं बघत बसले.