तीन डझन मेंटल

सर्वेक्षणाची तुकडी शनिवारी मुंबईला परतणार हे इरशादला मंगळवारी कळलं आणि त्याचं गाडी चालवण्यात लक्ष लागेना. दोन महिने त्याची जीप या सरकारी कामाला होती. काम साधं होतं. दर अर्ध्या किलोमीटरला थांबायचं, तुकडीतल्या मैथिली मॅडमनी किरण मोजायचा काउंटर जमिनीवर ठेवायचा, काटा स्थिरावला की आकडा वहीत उतरवायचा. जमिनीत मुळातच किती किरणोत्सर्ग आहे, त्यात युरेनियमचा वाटा किती, याचा नकाशा करायचा होता. महाडपासून आंबेनळी घाटापर्यंत आकडा एकच निघाला, पाच. कधी चार, कधी सहा.

पोखरणचे स्फोट होऊन आठ महिने झाले होते, त्यामुळे घाटातला चहावाला गोमाजी रोज तेच विचारी.

"मॅडम, गावला का बाँबचा दगड?"

"दगडाचा बाँब होत नाही, गोमाजीकाका. युरेनियमच्या हजार अणूंमधले सातच कामाचे. ते थोडे वाढवले की त्यावर वीज करता येते. बाँबला हजारात नऊशे लागतात. आणि तुमच्या या काळ्या दगडात युरेनियमच नावाला."

"म्हंजे आमचा डोंगर गरीबच म्हणायचा!"

"गरीब नाय, शांत हाय," इरशाद म्हणाला.

"अगदी बरोबर, इरशादभाई!" मैथिली हसली.

ते हसू त्याला दिवसभर पुरे आणि ते 'भाई' दिवसभर टोचे. ती एम.एस्सी. झालेली, तो बारावी नापास. ती पुण्याच्या जोशांची, तो महाडच्या मुसलमान मोहल्ल्यातला. हा हिशेब त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याला फक्त ती शेजारच्या सीटवर बसलेली हवी होती, मांडीवर वही, खिडकीबाहेर हात. आणखी दोन महिने.

दोन महिने मिळण्याची एक वाट होती. ती स्वतःच बोलून गेली होती, "एका ठिकाणी जरी पंधराच्या वर काटा गेला, तरी आमचे सर मुदत वाढवून मागतील."

इरशादच्या मुख्तारचाचांचं महाडला गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचं दुकान होतं. लग्नाच्या वरातीत डोक्यावरून नेतात त्या बत्त्या. गेल्या आठवड्यात चाचांचा एक खोका त्यानं जीपमध्ये ठेवला, आणि मागे चालू राहिलेल्या काउंटरचा काटा सरकन वर चढला. खोक्यात मेंटल होते, बत्तीत लावायच्या कापडी जाळ्या. तो खोका लांब नेई, काटा उतरे. जवळ आणी, चढे. मेंटलात युरेनियम असतं, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि कुणालाच सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी मॅडमना घ्यायला जाण्याआधी तो घाटात गेला. पुढचा थांबा कुठे येणार हे त्याला गाडीच्या मीटरवरून ठाऊक होतं. तिथे त्यानं वीतभर माती उकरून तीन डझन मेंटल पुरले आणि वर पालापाचोळा पसरला.

दोन तासांनी मैथिलीनं त्याच जागी काउंटर ठेवला. काटा अठरावर गेला.

"इरशाद! अरे, बघ, बघ ना!"

ना भाई, ना तुम्ही. तो पुढे आला तशी तिनं त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं. तिच्या बोटांना शाई लागलेली होती. इतक्या जवळून त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं. पण ती काट्याकडे बघत होती.

मग हे किरण कशाचे ते बघायला तिनं काउंटरचं बटण फिरवलं. "थांब हं. युरेनियमच्या खाणाखुणा तर नाहीतच. हे सगळं थोरियम आहे!"

"म्हंजे वेगळं?"

"पार वेगळं! उद्याच्या अणुभट्ट्यांचं इंधन. पण या काळ्या दगडात असं एकटं थोरियम? कुणी ऐकलेलंसुद्धा नाही." तिनं अठराचा आकडा वहीत उतरवला. "चल, पोलादपूरला एसटीडी बूथवर. सरांना फोन. नाही, आधी आईला. ती म्हणत असते, तू दोन महिने नुसती दगड मोजत फिरतेयस!"

ती गाडीत जाऊन बसलीसुद्धा. इरशादनं किल्ली लावली, पण फिरवली नाही. दोन महिने हातात आले होते. त्याला दिसलं, मुंबईचे मोठे लोक येतील, तीच जागा खणतील, आणि मग सगळे या बाईच्या तोंडाकडे बघतील.

"मॅडम, फोन करू नका."

"का?"

"ते मी पुरलंय. चाचांच्या बत्तीचे मेंटल."

मेंटलच्या जाळीला थोरियम लावतात हे तिला आठवायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा विझत गेला आणि इरशादला तो बघावा लागला.

"कशाला पण?"

"तुमी शनवारी चाललात म्हणून."

खाली वळणावर एक ट्रक गिअर बदलत वर येत होता. तो पुढे निघून गेल्यावर ती उतरली.

"काढा ते."

त्यानं हातांनीच माती उकरली आणि एकूण एक मेंटल रुमालात बांधले. तिनं रुमाल गाडीपासून लांब ठेवायला लावला, काउंटर पुन्हा टेकवला आणि काटा स्थिरावेपर्यंत वाट पाहिली. पाच. तिनं अठराचा आकडा एका रेघेनं खोडला, समोर पाच लिहिले आणि शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी खरडलं.

"काय लिहिलंत?"

"बाहेरून आलेली वस्तू. काढून टाकली."

"माझं नाव?"

"त्या रकान्यात नावाला जागा नसते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जड गेलं.

अजून सहा थांबे बाकी होते. इरशादनं गाडी सुरू केली आणि सगळा घाट दुसऱ्या गिअरवर चढवला. मैथिलीनं एकदा घड्याळ पाहिलं, एकदा त्याच्याकडे. लवकर चला, असं मात्र ती म्हणाली नाही.