चतुर्दशीची चव

पद्मावतीबाईंनी त्या दिवशी चव घेतली नाही, आणि घेतली म्हणून सांगितलं. झालं ते एवढंच. पण तेवढ्यानं पोरांच्या जिवावर बेतलं.

जयसिंगपूरच्या पल्याड जिल्हा परिषदेची ही दोन शिक्षकांची शाळा. पोरांना दुपारचं जेवण वाढायच्या आधी शिक्षकानं ते स्वतः खाऊन बघायचं, असा नियम. ते काम बाईंकडं. बाई नेमाच्या, पोरांवर जीव टाकणाऱ्या. पण दर चतुर्दशीला त्यांचा कडक उपवास; एक शीत तोंडात गेलं तरी मोडला. मग त्या दिवशी त्या पातेल्यात नुसत्या डोकवायच्या आणि म्हणायच्या, "झकास झालंय." वर्षानुवर्षं असंच चाललेलं. आजवर काही झालं नाही म्हणजे इथून पुढंही होणार नाही, असं माणसाला वाटतंच की.

त्या चतुर्दशीला आमटीत शाळेच्या परसबागेतले दुधी होते. वेल बाईंनीच लावलेला, पोरांनी पाणी घालून वाढवलेला. आता गावातली शेंबडी पोरगीसुद्धा सांगेल, दुधी चिरला की आधी एक काप जिभेला लावायचा, आणि कडू लागला तर सरळ उकिरड्यावर. कडू दुधी म्हणजे विषच. स्वयंपाक करणाऱ्या बनाबाईला हे ठाऊक नव्हतं होय? पण तिला वाटलं, आपल्या वेलाचा दुधी कशाला कडू निघतोय, आणि निघालाच तर बाई चव घेणारच हायत.

पंगत बसली. चौथीतल्या आदर्शनं पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. "बाई, आमटी कडू हाय."

बाईंनी पातेल्याकडं बघितलं.

मुख्याध्यापक अमरसिंह सर पंगतीतून फिरत होते. ते म्हणाले, "कडू म्हणं. कुरकुरे खाऊन जिभा लाडावल्यात तुमच्या. बाईंनी चव घेतलीया न्हवं? मग मुकाट्यानं खावा."

बाईंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. खरं बोलावं तर इतक्या पोरांदेखत आपण खोटारड्या ठरतो. हळद करपली असंल, मेथी जास्त पडली असंल, असं त्या स्वतःलाच समजावत राहिल्या. भीती माणसाला काय काय पटवून देते बघा. बाकीची पोरं दोन-चार घास गिळून उरलेली आमटी ताटाच्या कडेला सारत होती. दुसरीतली राजनंदिनी तेवढी खाली मान घालून भुरके मारत होती. बाईंनी चव घेतलीय म्हटल्यावर तिला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

आधी आदर्श ओकला. मग त्याच्या शेजारचा. मग ओळीनं सुरू झालं.

"खाऊ नका, कुणी खाऊ नका," बाई ताटं ओढत सुटल्या. "मी चव घेतली नव्हती. सर, मी खोटं बोलले."

सर त्यांच्याकडं बघतच राहिले. राजनंदिनीही बघत होती. तिचं ताट पुसून स्वच्छ झालेलं होतं.

सरकारी दवाखान्यात एकेका खाटेवर दोन-दोन पोरं झोपवली. बहुतेकांनी ओकून टाकलं होतं, त्यांना उतार पडत गेला. राजनंदिनीचा मात्र रक्तदाब घसरला तो घसरलाच. तिचे हात गार पडलेले. डॉक्टर सारखे येऊन तिची नाडी बघून जात.

उशाशी पोरीची आई प्रियदर्शनी तळवे चोळत होती. "बाई, हिला घरात कारलं चालत न्हाय, मेथी चालत न्हाय. आजच कसं खाल्लं हो हिनं?"

"मी चव घेतलीय असं सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "घेतली नव्हती. उपवास होता माझा."

प्रियदर्शनीचे हात क्षणभर थांबले. मग ती पुन्हा तळवे चोळू लागली. शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं. देवा, माझं काय करायचं ते कर, पण ह्या पोरीला उठव, एवढंच त्या मनात घोकत राहिल्या.

उन्हं उतरली तशी पोरगी कण्हली. डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि म्हणाले, "आता धोका टळला. साखरमिठाचं पाणी द्या घोटघोट." नर्सनं पेला आणून पोरीच्या हातात दिला.

राजनंदिनीनं पेला तोंडाजवळ नेला आणि तिथंच थांबली. तिनं बाईंकडं बघितलं. "बाई, ह्याची चव घेतली?"

बाईंनी तिच्या हातातला पेला घेतला, तिच्यादेखत एक मोठा घोट घेतला आणि गिळला. उपवासाचं त्यांना आठवलंसुद्धा नाही. "गोड आहे बाळा. खरंच गोड आहे."

पोरीनं त्यांच्या तोंडाकडं बघत पेला परत घेतला. मग तो आईपुढं धरला.

"आई, तू बी बघ की."