हिरव्या एप्रनमधली मुटिंटा

मझूबाने टोमॅटो उचलला आणि त्यात अंगठा खोल दाबला. साल फुटली. तो खाली ठेवून तिने दुसरा उचलला.

चोमा शहरात हे मोठं सुपरमार्केट उघडल्यापासून ती आज पहिल्यांदाच आत आली होती, तीही मुटिंटाला बघायला. बाजारात दोघींनी शेजारी शेजारी बसून वर्षानुवर्षं टोमॅटो विकले होते. इथल्या नोकरीसाठी अर्जही बरोबरच केला. घेतलं फक्त मुटिंटाला. आता ती समोर उभी होती, हिरव्या एप्रनमध्ये, छातीवर नाव शिवलेलं. घासाघीस केल्याशिवाय बाजारातून न हलणारी मास्तरीणबाई तिच्याकडून पिशवी तोलून घेत होती, मुकाट्याने! मझूबाला ते बघवेना. अंगठा आणखी एका टोमॅटोत रुतला.

"हे कुणी केलं?" मागून मॅनेजर कडाडला.

मुटिंटा धावत आली. तिने फुटक्या टोमॅटोंकडे पाहिलं, मग मझूबाच्या ओल्या अंगठ्याकडे.

"माझ्या हातून क्रेट पडला, साहेब."

"जमत नसेल तर सांग. बाहेर पुष्कळ जणी आहेत," म्हणत तो निघून गेला.

आता हिचे उपकारही घ्यायचे! त्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं, असं मझूबाला वाटलं.

"वर्दी शोभते हं, बाई," ती म्हणाली. "आम्हाला ओळख तरी दाखवलीस!"

"गप गं. पाय बघ माझे." मुटिंटाचे सुजलेले घोटे बुटांवर आले होते. "बसू देत नाहीत. कुणी भाव करत नाही, भांडत नाही. दिवसभर तोंडाला कुलूप. वेड लागेल मला." तिने आवाज खाली आणला. "खरं सांग, बाजारातली माझी जागा कुणी घेतली का?"

मझूबाची नजर एप्रनवरच्या नावावर गेली.

"कधीच घेतली! सुके मासे विकणारी एक बसते. जोरात चालतं तिचं."

"असं होय," मुटिंटा म्हणाली आणि वाकून फुटके टोमॅटो वेचू लागली.

बाजारात परतल्यावर मझूबाने आपलं पोतं ओढून शेजारच्या, मुटिंटाच्या अजून मोकळ्याच असलेल्या जागेवर पसरलं. एकेक ढीग दूरदूर मांडत ती सरकत गेली. मांडायला टोमॅटो उरले नाहीत, तरी बरीच जमीन उघडी राहिली.