बॅटरीखालची काळी वायर

मित्रांनो, मी एक जुनी एटीव्ही आहे. तलासरीच्या डोंगरातल्या ज्या पाड्यावर मी राहते, तिथे मला चार चाकांची फटफटी म्हणतात. माझी चाकं फुगीर आहेत, हँडल मोटरसायकलसारखं आहे. मला किक नाही, आणि ढकलूनही माझं इंजिन चालू होत नाही. बटण दाबलं की बॅटरीतली वीज सेल्फला मिळते आणि सेल्फ इंजिन फिरवतो. दुसरा मार्ग नाही. हे आधीच सांगते, कारण माझं सगळं दुःख त्यातच आहे.

२०१४ साली घोलवडच्या चिमणशेठांनी मला आपल्या चिकूच्या वाडीत आणलं. मागे छोटी ट्रॉली जोडली. झाडांखालून चिकूचे क्रेट उचलायचे आणि पॅकिंगच्या शेडमध्ये पोहोचवायचे, हे माझं काम. मला जिव्या चालवायचा. तो तलासरीकडचा, वाडीतच कामाला राहिलेला. संध्याकाळी तो आपल्या खांद्यावरच्या टॉवेलने मला पुसायचा. "ट्रॅक्टर अडकतो तिथे ही जाते," असं शेठ आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचे. ती दोन वर्षं मी सुखात होते.

मग एका नाताळच्या सुट्टीत शेठचा पुतण्या दीपेश मला जवळच्या चिखले गावच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. त्याने दिवसभर मला लाटांमधून पळवलं. खारं पाणी सीटपर्यंत आलं. परत आल्यावर जिव्या म्हणाला, "शेठ, गोड्या पाण्याने धुवून घेतो. सीट काढून, आतून."

"उद्या धू रे. आत्ता ट्रक भरायचाय."

दुसऱ्या दिवशीही ट्रक होता. वरची वाळू पावसाळ्यात धुऊन गेली. आत कुणी पाहिलं नाही.

माझ्या बॅटरीखालून एक काळी वायर निघते आणि बोल्टने सांगाड्याला जोडलेली असते. ती अर्थिंगची वायर. बॅटरीतून निघालेली वीज तिच्यावाटेच परत येते. ती वाट अडली तर नवीकोरी बॅटरीही फुकट. त्या बोल्टखाली मीठ बसलं, गंज चढला, तांब्यावर हिरवी पूड धरली. मला ते रोज जाणवत होतं. सांगणार कसं?

पुढच्या वर्षी मी अडून बसू लागले. शेठनी टेम्पो घेतला आणि म्हणाले, "जिव्या, हिला तू ने. तुझंच ऐकते ती."

अशी मी जिव्याबरोबर त्याच्या पाड्यावर आले. पक्का रस्ता खाली दोन किलोमीटरवर संपतो. मध्ये ओढा, मग दगडांचा चढ. जिव्याची बायको बारकी आधी मला घाबरायची. नंतर तीच मागे बसून भाताची पोती धरू लागली. कुणाला ताप आला, कुणाचा पाय मोडला, की लोक जिव्याला हाक मारायचे आणि मी त्यांना रस्त्यापर्यंत पोहोचवायचे. पाड्याला माझा आधार वाटू लागला.

पण मधूनच बटण दाबलं की नुसतं 'कट्' व्हायचं आणि दिवा मंद व्हायचा. जिव्या मला अंगणात उघडून बसायचा. त्याने फ्यूज पाहिले. बॅटरीची टोकं घासली. तलासरीहून नवी बॅटरी आणली. ती बसवताना काळी वायर जराशी हलली, तेवढ्यापुरती पकड मिळाली आणि मी चालू झाले. "बघ, बॅटरीच गेलेली," तो बारकीला म्हणाला. महिन्याने पुन्हा तेच. मग त्याने सेल्फला वीज सोडणारा रिले बदलला. वायर पुन्हा हलली, मी पुन्हा चालू झाले. दर वेळी त्याला वाटायचं, दुखणं सापडलं. दर वेळी मी त्याला फसवत होते, मित्रांनो, आणि माझा इलाज नव्हता.

२०१८ च्या नोव्हेंबरपासून आमच्याकडे भूकंपाचे धक्के बसू लागले. लोक घराबाहेर तंबूत राहू लागले. जानेवारीतल्या एका दुपारी बारकी पीठ आणायला घरात गेली. तेवढ्यात जमीन हादरली आणि चुलीमागची विटांची भिंत तिच्या अंगावर पडली.

लोकांनी तिला बाहेर काढलं. ती शुद्धीवर होती, पोट धरून बसली होती. शेजारच्या सुक्याने फोन केला. ॲम्ब्युलन्स खाली रस्त्यावर येणार होती. "झोळी बांधतो," तो म्हणाला.

"झोळी कशाला? गाडी आहे ना!" जिव्या माझ्याकडे धावला.

कट्.

पुन्हा दाबलं. कट्. त्याने सीट काढली. टोकं घासली, फ्यूज बदलला, रिलेवर पान्हा आपटला. एकदा त्याची बोटं त्या काळ्या वायरीला घासून गेली. अजून चार बोटं खाली, जिव्या! मी आतल्या आत ओरडत होते.

"एवढ्या वेळात खाली पोहोचलो असतो," सुक्या म्हणाला.

"होईल, आत्ता होईल. ही नेहमी होते."

शेवटी बारकीच म्हणाली, "राहू दे आता तिला. मला उचला."

अर्धा तास गेला होता. त्यांनी तिला झोळीतून नेलं. संध्याकाळी ते परत आले तेव्हा मला कळलं. पोटात रक्तस्राव झाला होता. दवाखान्याच्या दारातच ती गेली.

मे महिन्यात जिव्या-बारकीची मुलगी सुषमा सुट्टीला घरी आली. ती आयटीआयमध्ये वायरमनचं शिकत होती. तिने माझ्या बॅटरीला मीटर लावला, मग सांगाड्याला. आकडे जुळेनात. तिने बॅटरी पूर्ण बाहेर काढली, खालचा बोल्ट उघडला. वायर तिच्या हातात तुटून आली. तिने गंज घासला, नवी वायर जोडली, बटण दाबलं. मी पहिल्याच झटक्यात चालू झाले.

जिव्या दारात उभा होता. "काय होतं?" त्याने विचारलं.

सुषमाने ती तुटकी वायर दाखवली. त्याने ती हातात घेतली, उलटीपालटी केली.

"एवढीच?"

"हो, बाबा."

सुषमाने मला बंद केलं.

मित्रांनो, तुमच्या घरातली यंत्रं बोलत नाहीत. ती अडली तर जे दिसतं तेवढंच बदलून थांबू नका. खाली वाका, बोल्ट उघडून बघा. आणि धुवायचं ते त्याच दिवशी धुवा. जिव्याने वेळेवर विचारलं होतं, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन. पण मला सांगता येत नाही, आणि तो स्वतःला माफ करत नाही.

आता मी रोज चालू होते. सुषमा पाड्यावरच्या आजाऱ्यांना घेऊन खाली जाते. जिव्याही सोबत येतो. ती म्हणते, "बाबा, बसा ना मागे." तो बसत नाही. बारकीला झोळीतून नेलं त्या दगडांच्या वाटेवर तो माझ्या मागून चालत येतो.