सीमेपलीकडचं तीन मीटर निळं

कापड नऊशेचं, टपाल चौदाशे आणि वर कस्टमचे सातशे. धाकटीने बेरीज तिसऱ्यांदा केली, तरी ती मेली तीन हजारच आली.

पन्नाशी उलटली तरी ती धाकटीच, कारण थोरली बहीण अजून ठणठणीत होती. फक्त लग्न करून सीमेपलीकडे गेली होती, आणि धाकटीला हवं असलेलं कापडही नेमकं तिकडेच मिळत होतं. गडद निळं, त्यावर जिऱ्याएवढे पांढरे ठिपके. लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात निघाली होती. तीन आठवड्यांनी, गुरुवारी. तिच्यासोबत जायची गोधडी पलंगावर पसरलेली होती. मधला भाग तयार, टाकेही घालून झालेले; कडांना दुमडून बसवायची किनार तेवढी राहिली होती आणि तिथून कापूस डोकं काढून बघत होता. थोरलीने मागे आणलेलं निळं मधल्या भागातच संपलं. इथल्या दुकानांतली निळी आणून पाहिली, तर एक शाळेच्या गणवेशासारखं, एक जांभळ्याकडे झुकलेलं आणि तिसरं गोधडीशेजारी ठेवलं की रुसल्यासारखं दिसायचं.

"चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला," नवरा चष्मा पुसत म्हणाला. "त्यापेक्षा तूच जाऊन घेऊन ये. कापडाऐवजी तू तरी फिरून येशील."

"आणि माझं टपाल कोण भरणार?"

तोड काढली ती लेसच्या दुकानवालीने. बटणं मोजता मोजता ती म्हणाली, "दुकानाकडून कशाला मागवता? बहिणीला सांगा. साध्या टपालाने पाठवेल. पण अख्खं कापड म्हणजे माल, त्यावर कस्टम लावतात. फॉर्मवर नुसतं 'कापडाचे तुकडे' लिहायला सांगा. चिंध्यांना कोण विचारतंय?"

धाकटी तरंगतच घरी आली आणि तिने थोरलीला फोन लावला.

आता थोरली म्हणजे कशी, तर बसमध्ये बोलण्याच्या नादात एक थांबा पुढे गेली, तर उतरून कंडक्टरला जास्तीचे पैसे देणारी. कंडक्टर घ्यायला तयार नव्हता, तर बस अडवून धरणारी.

"फॉर्मवर तुकडे लिहू?" थोरलीचा आवाज चढला. "अगं, अख्खं कापड असताना? खाली माझी सही असते!"

"ताई, कोण बघायला येतंय?"

"मी असते ना बघायला."

"भाचीची गोधडी आहे गं. एवढं कर."

मग थोरली म्हणाली, "बघते."

थोरलीच्या तोंडून 'बघते' म्हणजे अर्धा गड सर. धाकटीने नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने फोन खाली ठेवला.

पुडकं आलं ते निघायच्या आधीच्या शनिवारी. कस्टमचा शिक्का होता, पण मागणं काही नव्हतं. पोस्टमनने सही घेतली आणि गेला. "सातशे वाचले!" म्हणत धाकटीने कात्रीने दोरा तोडला आणि कागद उलगडला.

आत कापड होतं. निळं, तेच, जिऱ्याएवढ्या ठिपक्यांचं. पण त्याचे तळहाताएवढे चौकोन होते. पंचवीस-पंचवीसचे नऊ गठ्ठे, प्रत्येकाला पांढऱ्या दोऱ्याची गाठ. धाकटीने तडक फोन लावला.

"ताई! तू कापलंस?"

"मग? तुकडे लिहायचे तर तुकडे नकोत का? लिहिलं ते खरं आहे. कुणी उघडून पाहिलं असतं तरी मान खाली घालायची वेळ आली नसती."

"मला लांब पट्टी हवी होती गं! किनारीला!"

"ते कुठे बोललीस? गोधडी तुकड्यांचीच असते. दोन दिवस पाठ मोडून कापलेत मी. फूटपट्टी ठेवून, कोपरा न् कोपरा काटकोनात. शिवणीला जागाही सोडली आहे."

"उपकार झाले!" म्हणून धाकटीने फोन कापला.

नवऱ्याने एक गठ्ठा उचलला, वजन केल्यासारखा हातात खेळवला आणि जसाच्या तसा ठेवून दिला. काय बोलू नये हे त्याला सत्तावीस वर्षांत कळलं होतं. नवीन कापड मागवावं तर गुरुवारपर्यंत ते सीमेवर सुद्धा पोचलं नसतं.

रविवारी सकाळी धाकटी मुकाट्याने मशीनवर बसली. चौकोनाला चौकोन, दोन ओळी. एक गोधडीच्या वर येईल, एक दुमडून मागे जाईल. पहिले दहा तिने चिडून जोडले. विसाव्या चौकोनापाशी तिचा पाय मंदावला. एकही कोपरा हुकत नव्हता. कुठे ओढायला नको, कुठे छाटायला नको. साठीला टेकलेली बाई, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, आणि दोनशे पंचवीस चौकोनांत सुताचा फरक नाही. ठिपके मात्र जोडावर एकमेकांना चुकत होते, त्यामुळे किनार सरळ असूनही चालता चालता थबकल्यासारखी दिसायची. लेक म्हणाली, "मला असंच आवडतंय." नवरा म्हणाला, "मलाही," आणि कुणी विचारलेलं नसल्यामुळे चहा टाकायला गेला.

दुपारी धाकटीनेच फोन लावला.

"बोल," थोरली म्हणाली.

"एक बाजू झाली. जोड बसतात चांगले."

"बसणारच. किती चौकोन लागले?"

"बेचाळीस."

"चव्वेचाळीस तरी लावायचे होते. कोपऱ्यात ओढ येईल."

"आली," धाकटी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

बुधवारी संध्याकाळपर्यंत तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूला मशीनचा पट्टा तुटला. दुरुस्तीवाला म्हणाला, शुक्रवारी. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. उघड्या कडेची गोधडी लेकीला द्यायची कशी?

लेकीने उरलेल्यातले तीस चौकोन मोजले, पिशवीत टाकले, वर सुयांचं पाकीट आणि दोऱ्याचं रीळ. "चौथी बाजू मी करते तिकडे. पायाकडची आहे, घाई कसली? मावशीने अख्खं पाठवलं असतं तर लांब पट्टी मला झेपलीच नसती. चौकोन एकेक करून होईल."

"तू? आयुष्यात बटण लावलं नाहीस!"

"मग लावेन."

धाकटीने उघडी कड कच्च्या धाग्याने टिपून दिली, कापूस निदान प्रवासात तरी आत राहावा म्हणून.

पुढच्या रविवारी लेकीचा फोन आला. "आई, दोरा सुईत जातच नाहीये. थुंकी लावली, तरी."

"सुई बारीक घेतली असशील. थांब, ताईलाही जोडून घेते."

थोरली आली ती बोलतच आली. "आधी दोऱ्याचं टोक तिरकं काप. आणि सांगितलं तेवढंच कर, जास्त डोकं लावू नकोस."

"ताई, तिला पहिला चौकोन तरी हातात घेऊ दे!" धाकटी म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.